मोटरची उडी

मिस्त्रींनी आयुष्यभर कानाच्या जोरावर पोट भरलं. लिफ्ट दुरुस्ती म्हणजे हातांचं काम असं लोकांना वाटतं. मिस्त्रींना विचाराल तर ते म्हणायचे, हात काय, सगळ्यांनाच असतात, कान लागतो. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये शिरायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. बेअरिंग कुरकुरतंय का, ब्रेक घासतोय का, दोर कुठे चाटून जातोय का, सगळं त्या मुठीतून कानात यायचं. आणि मोटर एका सुरात, खालच्या पट्टीत गुरगुरत असली, की मिस्त्री डोळे उघडून जिन्यातून खाली वॉचमनला ओरडून सांगायचे, "आवाज नाही. ठणठणीत आहे."

पुढे पुढे हे त्यांचं पालुपदच झालं. रस्त्यात कोणी "काय मिस्त्री, कसं काय?" विचारलं, की "आवाज नाही." दवाखान्यात, बँकेत, दाढीच्या दुकानात तेच. बायको गेली तेव्हा भेटायला आलेल्यांनाही ते हेच म्हणाले आणि लोक बाहेर पडताना एकमेकांना म्हणाले, माणूस खंबीर आहे हो. लोकांचं काय जातंय म्हणायला. घर कोणाचं खायला उठत होतं ते मिस्त्रींना ठाऊक. पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही, आणि ज्याने तोंड उघडलं नाही त्याचं ठीक चाललंय असं मानायची सवय लोकांना त्यांनीच तर लावली होती.

त्यात मुलाची बदली झाली. गावातच पण वेगळं राहणारी मुलगा, सून आणि नात अशी सगळी लांबच्या शहरात निघाली. तिथल्या घरमालकाला जनावरं चालत नव्हती आणि नातीकडे एक गिनीपिग होतं. खरं तर दोन होती, बटण आणि परी. बटण आजारी पडून गेलं, परी उरली. मुलगा पिंजरा घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला सोबत होईल."

सोबत म्हणे. आख्खं घरदार उचलून न्यायचं आणि मागे ठेवायचं काय, तर किलोभर वजनाचं, शेपूट नसलेलं, पाठीवर तपकिरी-पांढरी ठिगळं असलेलं एक जनावर. पण मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी पिंजरा खिडकीशी ठेवला, वाळलेल्या गवताचं पोतं कुठे ठेवायचं ते विचारून घेतलं, आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर आत येऊन त्या जनावराला म्हणाले, "चला, आता तू आणि मी."

ते मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं ते हूं की चूं नाही.

पण एक गोष्ट झाली, आणि ती मिस्त्रींच्या ध्यानीमनी नव्हती. पूर्वी मुलाचा फोन रविवारी यायचा. "बाबा, बरं आहे ना?" "आवाज नाही." "ठीक, मग ठेवतो." आता नातीचा फोन रोज यायला लागला. संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, आणि तोही चित्राचा. "आबा, परी दाखव." मिस्त्री फोन उलटा करून पिंजऱ्यासमोर धरायचे. नातीला परी दिसायची आणि मिस्त्रींना, मान वाकडी करून पाहिलं तर, नात. पुढचा दात पडला तो त्यांना असाच कळला. केस कापले ते असेच कळले. ती परीला हाका मारायची, शाळेतल्या गमती सांगायची, मध्येच गाणं म्हणायची. मिस्त्री हात लांब करून पुतळ्यासारखे उभे. हात भरून यायचा, पण ते काही बोलायचे नाहीत. फोन कोणासाठी येतो हे न कळण्याइतके ते बावळट नव्हते. पिंजऱ्यातलं हे गाठोडं आहे तोवर नात रोज घरात येणार, हा हिशेब त्यांनी मनाशी पक्का केला होता.

फोन ठेवायच्या आधी नात न चुकता विचारायची, "आबा, उडी मारली का तिने आज?"

"मारली की."

आता उडी म्हणजे काय, कसली, हे मिस्त्रींना मुळीच ठाऊक नव्हतं. पिंजऱ्यातल्या लाकडी घरावर चढत असेल, तेच म्हणत असेल पोरगी, असं धरून ते हो म्हणायचे. लेकराला बरं वाटतं ना, मग झालं तर.

परी हे नाव मात्र त्यांच्या तोंडात बसेना. तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं त्या दिवशीच ते बदललं. फोन झाला होता, घर पुन्हा गप्प झालं होतं. मिस्त्रींनी पिंजऱ्यात हात घातला, तिला कोपऱ्यात गाठून अलगद उचललं, मांडीवर पंचा टाकून बसवलं आणि डोक्यापासून पाठीवरून हात फिरवला. ती हलली नाही. आणि दुसऱ्यांदा हात फिरवला तेव्हा तिच्या अंगातून बारीक थरथरता आवाज आला. दुर्रर्र.

मिस्त्रींचा हात थांबला. त्यांनी खाली वाकून तिच्या पाठीला कान लावला आणि सवयीने डोळे मिटले. पुन्हा हात फिरवला. दुर्रर्र.

"अरे, ही तर मोटर आहे," ते म्हणाले. खूप दिवसांनी त्यांना हसू आलं.

झालं, तिचं नाव मोटर पडलं. नातीने आधी नाक मुरडलं आणि मग स्वतःच मोटर मोटर करायला लागली. मिस्त्रींचा नेम ठरला. फोन संपला की मोटरला मांडीवर घ्यायचं आणि हात फिरवत बोलत बसायचं. काय काय बोलायचे. कुठल्या इमारतीतली लिफ्ट कशी हट्टी होती, बायको भांडणात कशी जिंकायची, दाढीच्या दुकानातला नवा पोऱ्या कसा गाल कापतो. ज्या माणसाने जन्मभर दोन शब्दांत काम भागवलं, तो घसा कोरडा होईस्तोवर बोलायचा. मोटर एका जागी बसून ऐकायची, हलायचीसुद्धा नाही. मधूनच मान वर झटकायची, मधूनच दुर्र करायची. मिस्त्रींना वाटायचं, हुंकार देते. आपल्या हाताखाली कोणाला तरी इतकं बरं वाटतंय, या विचाराने त्यांना झोप चांगली लागायची.

आणखी एक होतं. फ्रिजचं दार उघडलं की मोटर शीळ घालायची. लांबलचक, चढत जाणारी, कुकरनेही मान खाली घालावी अशी. काकडीचा तुकडा मिळेस्तोवर थांबायची नाही. मिस्त्री मुद्दाम दुधाच्या निमित्ताने फ्रिज उघडायचे आणि म्हणायचे, "आलो गं बाई, आलो, घर डोक्यावर घेऊ नकोस." असं कोणाला तरी म्हणायला मिळावं म्हणूनच ते उघडायचे, खरं सांगायचं तर.

एका सकाळी त्यांनी फ्रिज उघडला आणि शीळ आली नाही.

त्यांनी दार लावून पुन्हा उघडलं. काही नाही. काकडी तोंडाशी नेली, मोटरने वास घेतला आणि तोंड फिरवलं. अंगावरचे केस पिंजारलेले, पाठीला कुबड काढून ती कोपऱ्यात बसली होती. कालचं गवतही तसंच होतं. आता मिस्त्री आठवू लागले. परवाही थोडं उरलंच होतं. त्याच्या आधीही. पण शीळ सोडली तर ही बया कसलीच तक्रार करत नव्हती, आणि तक्रार नाही म्हणजे बिघाड नाही, हा तर त्यांचा धर्म.

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती, केस वर गुंडाळून बांधलेली, बोलायला फटकळ. तिने मोटरचे दात पाहिले, पोट चाचपलं, वजन केलं. "दात ठीक आहेत. पोटही ठीक आहे. खात नाही एवढंच. घरी हिला कसं ठेवता? कोण हाताळतं?"

"मीच," मिस्त्री म्हणाले. इथे त्यांना जरा अभिमान वाटला. "रोज मांडीवर घेतो. फार लाडात आली आहे. दाखवू का?" आणि त्यांनी तिथेच टेबलावर मोटरच्या पाठीवरून हात फिरवला. दुर्रर्र. "बघा. कशी बोलते."

डॉक्टरिणीने मिस्त्रींचं मनगट धरलं आणि हात बाजूला केला.

"आजोबा, कानांनी ऐकू नका. अंगाकडे बघा तिच्या."

मिस्त्रींनी पाहिलं.

"ताठ झाली आहे की नाही? पाय अंगाखाली घट्ट. डोळे बटबटीत, कडेला पांढरं दिसतंय. ही घाबरली की गोठते. शिकारी प्राणी दिसला की हलायचं नाही, हलले तर मेले, एवढंच त्यांना ठाऊक असतं. आणि ही गुरगुर ऐकलीत ना? अंग सैल सोडून, लांब आणि खालच्या सुरात केली, तर मजेत आहे म्हणायचं. अशी तुटक आणि अंग आखडून केली, तर ती म्हणते, पुरे."

"मान झटकते कधीकधी," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला.

"तुमचा हात झटकते ती."

बाहेर बाकावर कोणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. रोज संध्याकाळी, मिस्त्री मनात म्हणत होते. रोज संध्याकाळी मी तिला माझ्या लिफ्टा आणि माझी बायको आणि माझी दाढी सांगत बसलो, आणि ती बिचारी पुरे, पुरे म्हणत होती. लाज वाटली हो त्यांना. भर दवाखान्यात, म्हाताऱ्या वयात, कान लाल झाले.

डॉक्टरिणीच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती जरा मवाळ झाली. "तुमच्या एकट्याची चूक नाही ही. सगळेच फसतात. पण खाणं त्याने सुटलेलं नाही. ही एकटी आहे ना?"

"मी असतो दिवसभर."

"तुम्ही गिनीपिग नाही," ती म्हणाली. "ही कळपातली जनावरं. आपल्यातलं कोणी दिसलं नाही, आपल्यासारखा आवाज कानावर पडला नाही, की हळूहळू मिटत जातात. बोंब मारत नाहीत. दुसरी आणता येईल, पण नवख्या दोघींचं जमेलच असं नाही, आणि वाट बघायची ताकद हिच्यात राहिलेली नाही. जमलेल्या कळपात सोडा हिला. पडदे शिवणाऱ्या एक बाई आहेत, तिघी आहेत त्यांच्याकडे. मी सांगून ठेवते. तोवर हे औषध आणि ही गवताच्या भुकटीची पातळ पेज सिरिंजने भरवा. पण लवकर ठरवा."

लवकर ठरवा. बोलायला सोपं आहे. मोटर गेली तर संध्याकाळचा फोन कशाला येईल? पुन्हा रविवार, पुन्हा "बरं आहे ना", पुन्हा "ठेवतो." त्या संध्याकाळी नातीने फोन केला तेव्हा मिस्त्रींनी मोटरच्या पुढ्यात गवताची जुडी अशी रचली, की पिंजारलेले केस दिसू नयेत.

"आबा, ती झोपली आहे का?"

"दमली आहे. खेळून खेळून दमली."

"उडी मारली?"

"मारली की," मिस्त्री म्हणाले. या वेळी मात्र त्यांनी मान वाकडी करून नातीकडे पाहिलं नाही.

त्यानंतर त्यांनी तिला मांडीवर घेतलं नाही. पेज भरवण्यापुरतं धरायचं, की लगेच सोडून द्यायचं. मग पिंजऱ्याचं दार उघडं टाकून स्वतः समोर फरशीवर बसायचं, गुडघे कुरकुरले तरी बसायचं, आणि नुसतं बघायचं. आयुष्यात पहिल्यांदाच ते कान सोडून डोळ्यांनी काम करत होते, आणि एकदा बघायला लागल्यावर किती दिसायला लागलं. पंखा सुरू केला की ती आधी गोठते आणि मग मिशा हलतात. भांडं पडलं की पुढचा एक पाय वर धरून तशीच राहते. आपण खोकलो तर कान मागे जातात, पण खोकल्याआधी हलकेच "मी आहे गं" म्हटलं तर जात नाहीत. एका दुपारी ती दारातून बाहेर आली, मान लांब करून, मागचे पाय अजून आतच ठेवून, आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याचा वास घेऊन गेली. मिस्त्रींनी श्वास रोखून धरला होता. एवढ्याशा गोष्टीने माणसाचे डोळे भरून यावेत म्हणजे कमाल आहे, पण आले.

पेजेने ती तगून राहिली, एवढंच. स्वतःहून गवताला तोंड लावेना. आणि मग मिस्त्रींना ते दिसलं. बाहेर सोडली की मोटर रोज एकाच जागी जाऊन बसायची, लोखंडी कपाटाशी. त्या कपाटाच्या एका दाराला खालपर्यंत आरसा होता. बायको त्यात बघून केस विंचरायची. मोटर आरशाला चिकटून, काचेतल्या मोटरच्या नाकाला नाक लावून बसली होती. मधूनच बारीक आवाज करायची आणि थांबायची. उत्तर येतंय का बघत असेल. येणार कुठून? पुन्हा करायची.

मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. मग उठले, खोक्याला भोकं पाडली, तळाशी पंचा घातला आणि जवळ बसून म्हणाले, "चल, बाई. आपण जाऊ."

पडदेवाल्या बाईंची इमारत बघून मिस्त्रींना हसावं की रडावं कळेना. इथली लिफ्ट त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली होती. गच्चीवरच्या मशीनरूमच्या दाराला कोणता रंग आहे ते डोळे मिटून सांगितलं असतं. पण मधल्या मजल्यांवरच्या एकाही दाराच्या आत त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. अशा किती इमारती. सगळ्यांना घरी पोचवायचं आणि आपण गच्चीवर.

बाईंनी दार उघडलं. गळ्यात मापाची टेप, ओठात टाचणी. त्यांनी मिस्त्रींना खालून वर पाहिलं आणि टाचणी काढून म्हणाल्या, "तुम्ही लिफ्टवाले ना? तरीच म्हटलं चेहरा ओळखीचा आहे. तुम्ही दिसलात की आम्ही कपाळावर हात मारून जिन्याला लागायचो."

"माझं तोंड लोकांना बंद लिफ्टपुढेच दिसलं," मिस्त्री म्हणाले.

"आज बिनबिघाडाचे आलात म्हणायचं. या आत."

घरभर कापडाचे ढीग होते. शिवणयंत्राच्या शेजारी, कुंपण घातलेल्या कोपऱ्यात, तिघीजणी गवतात डोकं खुपसून चरत होत्या. बाईंनी व्हरांड्यात नवं धुतलेलं जाड कापड अंथरलं, जिथे कोणाचाच वास नव्हता. मध्ये गवताचा ढीग ठेवला. "हे कोणाचंच घर नाही," त्या म्हणाल्या, "म्हणजे कोणाला मालकी गाजवायला नको." मग त्यांनी आपल्या तिघी सोडल्या आणि मिस्त्रींनी खोकं आडवं केलं.

मोटर बाहेर आली आणि गोठली.

तिघींतली काळी, सगळ्यांत धष्टपुष्ट, पुढे आली. ढुंगण हलवत, एकेक पाय टाकत, खोल आवाजात गुरगुरत. नाकाला नाक लागलं. मग काळीने दात कडकड वाजवले. मिस्त्रींचा हात आपोआप पुढे गेला.

"हात घालू नका," बाई म्हणाल्या. "ती फक्त सांगते आहे, इथे माझं चालतं. हिने मान खाली घातली की मिटलं. नवी सून घरात आली की काय वेगळं होतं?"

मोटरने मान खाली घातली. काळीने तिचा कान चाटल्यासारखं केलं आणि गवताकडे वळली. बाकीच्या दोघी आल्या, मागून पुढून वास घेऊन गेल्या. चौघी चरायला लागल्या. चौघी. मिस्त्रींनी पुन्हा पाहिलं. मोटरच्या तोंडातली काडी आत आत सरकत होती.

"खाते आहे," ते म्हणाले.

"दुसऱ्याला खाताना बघितलं की भूक लागते," बाई म्हणाल्या. "आपल्यालाही."

आणि मग एकाएकी मोटर हवेत उडाली. चारही पाय एकदम सुटले, अंगाला हवेतच पीळ पडला, ती खाली आली, दोन पावलं धावली आणि पुन्हा उडाली. मिस्त्री जागेवरून उठलेच. "फीट आली की काय तिला?"

बाई हसल्या. "फीट कसली. खुशीची उडी आहे ती. आनंद झाला की मारतात. तुमच्याकडे मारत नव्हती?"

मिस्त्री खाली बसले. मोटर तिसऱ्यांदा उडाली. मारली की, ते रोज म्हणायचे. मारली की.

"नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे एकदाही नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मुद्दाम टेप गुंडाळत बसल्या. दुपार सरेपर्यंत मिस्त्री त्या व्हरांड्यात बसून होते. एखादी मागायचं मनात आलं, ही ठणठणीत झाली की हिच्या जोडीला एक द्या म्हणून. त्यांनी तोंडही उघडलं. पण चौघी एकमेकींना टेकून आडव्या झाल्या होत्या, मोटरने मागचे पाय लांब सोडले होते, अंग सैल, डोळे अर्धे मिटलेले, आणि तिच्या अंगातून आवाज येत होता. लांब, खालच्या सुरातला, न तुटणारा. मिस्त्रींनी हा आवाज तिच्याकडून कधीच ऐकला नव्हता. आता तो ओळखायला कान लावायची गरज नव्हती.

"राहू दे तिला," ते म्हणाले.

"तुम्ही येत जा बघायला. कधीही या, मी घरीच असते."

"हो, हो."

"आणि तुमचं कसं? ठीक ना?"

"आवाज नाही," मिस्त्री म्हणाले आणि रिकामं खोकं उचललं. जिन्यानेच उतरले. त्या हलक्या खोक्याचं करायचं काय ते कळेना, म्हणून घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून आणलं.

घरी आल्यावर त्यांनी फ्रिज उघडला. काकडी समोरच होती. दार उघडं धरून ते थोडे थांबले, मग लावलं. दिवे लागायची वेळ झाली. ते रिकाम्या पिंजऱ्यासमोर फरशीवर जाऊन बसले. फोन वाजला.

हाताला सवय होती, फोन उलटा झाला.

"आबा, मोटर कुठे आहे? लाकडी घरात आहे का?"

"नाही गं," मिस्त्री म्हणाले, आणि मग थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुन्हा काहीतरी रचलं असतं. "ती आजारी पडली होती. मी तुला सांगितलं नाही. ती एकटी होती म्हणून आजारी पडली. आज तिला एका बाईंकडे ठेवून आलो. तिथे तिच्यासारख्या तिघी आहेत. तिथे तिने उडी मारली. ती उडी मी आज पहिल्यांदा पाहिली. रोज मारते म्हणायचो ते खोटं होतं."

पलीकडे काहीच आवाज नव्हता. मिस्त्रींनी मान वाकडी करून पाहिलं. नात ओठ आवळून बघत होती.

"खोटं का सांगायचास?"

"तू फोन करावास म्हणून."

आता नातीला रडू येणार असं मिस्त्रींना वाटलं. "तिथे जाऊन मी तिला दाखवेन तुला," ते घाईने म्हणाले. "जाईन तेव्हा. रोज नाही जमणार. आज दाखवायला काही नाही. ठेवू मग?"

"आबा," नात म्हणाली, "फोन फिरव."

"काय?"

"तुझ्याकडे फिरव. मला तू दिसतच नाहीस कधी."

मिस्त्रींना फोन आपल्याकडे नीट वळवता येईना. एकदा अंधार झाला, एकदा छत दिसलं. मग त्यांना आपलाच चेहरा कोपऱ्यात लहान दिसला, दाढी वाढलेला, आणि समोर नातीचा मोठा. तिने डोळे बारीक केले. मोटरकडे बघायची तशीच ती बघत होती, आधी डोळे, मग खांदे, मग हात.

"तू हलत का नाहीयेस?"

"कुठे काय?"

"असा बसलायस. ताठ. आबा, तुला भीती वाटते आहे का?"

आवाज नाही, हे शब्द ओठांवर आले होते. कैक वर्षं तेच यायचे, न बोलावता. मिस्त्रींनी ते गिळले.

"हो," ते म्हणाले. "मला फार एकटं वाटतं गं, बाळा. घरात कोणी नसतं."

नातीने मान हलवली. ती मोठ्यांसारखं काही म्हणाली नाही, असं नसतं हं आबा, वगैरे नाही. तिने फोन कशाला तरी टेकवून उभा केला, खडूंचा डबा ओढून घेतला आणि समोर बसून चित्र रंगवायला लागली. मधून मधून मान वर करून आजोबा आहेत ना ते बघायची आणि पुन्हा रंगवायची. बोलत कोणीच नव्हतं. थोड्या वेळाने मिस्त्रींनी भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले. हाताला रग लागली होती, तरी त्यांनी फोन खाली ठेवला नाही.